एका डोळ्याचा पेला

माझी बायको ल्यू गेली, तेव्हा ह्वान नदीकाठच्या आमच्या ओतशाळेत राजाच्या पूर्वजांसाठीचं मोठं भांडं नुकतंच ओतून झालं होतं. त्यातलं उरलेलं थोडं कासं मुकादम च्यावने मला दिलं. आमच्यासारखं कोणी मेलं की शेजारी शिशाचा, नुसता दाखवायचा पेला पुरतात. मला तिच्यासाठी दारू धरणारा, खरा पेला हवा होता.

साच्याच्या मातीवर मी पशूचं तोंड कोरलं. साचा भाजला, आत मातीचा गाभा बसवला आणि कासं ओतलं. पुरायच्या दिवशी सकाळी साचा फोडला, तर तोंडाच्या उजव्या डोळ्याच्या जागी भोक. त्यातून आतली माती दिसत होती.

"गाभा सरकलाय," मुकादम म्हणाला. "चकत्या कोणी लावल्या?"

गाभा साच्याला टेकू नये म्हणून मध्ये काशाच्या बारीक चकत्या घालतात. आमच्यात नक्षी मी कोरायचो आणि चकत्या ल्यू लावायची.

"कोणीच नाही," मी म्हणालो.

ल्यूचा भाऊ श्वी पुढे झाला. "दाजी, माती आतच राहू द्या. वरून काजळी फासली की झाला डोळा. कितीतरी जण तसंच पुरतात."

"मग दारू कशात ओतू?"

"ओतायची कशाला? लोक बाहेरूनच बघणार. माझ्या बहिणीला काणा पेला देताय?"

"स्वतः दारूची घागर संपवतो," मुकादम म्हणाला, "आणि बहिणीला माती चाटायला लावतो."



ओततानाचं थोडं कासं साच्याच्या तोंडाशी थिजलं होतं. ते वितळवून ठिगळ लागलं असतं, पण त्यावर डोळा कोरायला वेळ नव्हता. मी सळईने आतली माती खरवडून काढली, भोकाभोवती ओली माती लावून वाळवली आणि कासं ओतलं. एका बाजूला डोळा वटारलेला, दुसऱ्या बाजूला सपाट ठिगळ. लोकांनी पाहिलं.

खड्ड्याशी मी पेल्यात राळ्याची दारू ओतली. आम्ही तिघंही वाकून ठिगळाखाली बघत राहिलो. श्वीने तिथून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं.

"धरतोय," तो म्हणाला.

मग त्यानेच खाली उतरून पेला तिच्या हाताशी ठेवला. दारू सांडू नये म्हणून फार हळू ठेवला.