हार घातलेला बोरा

मित्रांनो, मी एक जुना बोरा आहे. शहाणी माणसं मला पंचिंग बॅग म्हणतात, पण आमच्या चंद्रपूरकडच्या मूल नावाच्या गावात त्या नावाने कुणी हाक मारली असती तर मी ओ दिली नसती. जन्माने मी तागाचा, धान भरायचा साधा बारदाना. तीन हंगाम राइस मिलच्या वाऱ्या केल्या, हमालांच्या पाठीवर बसून फुकटात गाव पाहिलं, आणि एक दिवस खिळ्याला अडकून टराटरा फाटलो. फाटक्या पोत्याला कोण विचारतो? मला कोपऱ्यात भिरकावलं, आणि तिथे उंदरांशी माझी चांगलीच ओळख झाली.

तिथून मला उचललं सादिक पिंजाऱ्यांनी. साल एक्क्याण्णव. दिवसभर ते गाद्या-रजया भरत. तरुणपणी नागपूरच्या गादी कारखान्यात कामाला असताना ते कराटे शिकले होते, आणि गावी परतताना काळा पट्टा घेऊन आले होते. संध्याकाळी बंद पडलेल्या एका मिलच्या पटांगणात ते पोरांना शिकवत. कमरेला पट्टा आणि मिशीत कापसाचे तंतू, असे आमचे सादिक सर! त्यांनी मला आणखी दोन बारदान्यांत घालून सुव्याने शिवलं, पोटात धानाचं तूस ठासलं आणि गेटाजवळच्या लोखंडी तुळईला टांगलं. तेव्हापासून मार खाणं हाच माझा धंदा. लोकांना मार खाऊन अक्कल येते म्हणतात, मला मार खाऊन इज्जत मिळाली.

मित्रांनो, तुसाची एक गंमत आहे. त्याला रोज मार पडला तर ते मोकळं राहतं. मार थांबला की ते बसतं, ओल धरतं आणि आतल्या आत कुजतं. म्हणून दरवर्षी पूस महिन्यात, म्हणजे पौषात, नवं धान गावातल्या चालू मिलला आलं की सर माझी शिवण उसवत, जुनं तूस उपसत, मला दोन दिवस उन्हात घालत आणि पुन्हा भरत. नव्या तुसाचा वास अंगात शिरला की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटे.

शहाण्णव साली करिष्मा आली. जवळच्या खेड्यातल्या मुखरूभाऊंची अकरा वर्षांची पोर. पोरांच्या त्या गर्दीतली ती पहिली मुलगी. बापाने सायकलवर बसवून आणली आणि म्हणाला, "सर, हिले शाळेच्या रस्त्यानं टवाळ पोट्टे तरास देतात. हिले मजबूत करा."

सरांनी तिला माझ्यासमोर उभं केलं. तिने लाथ मारली आणि लगेच वाकून मला हात लावला, तो हात छातीला लावला. कशाला पाय लागला की आपण करतो ना, तसं. दुसरी लाथ, पुन्हा नमस्कार. पोरं खो खो हसली.

सर म्हणाले, "बेटा, हरेक लाथीमागं पाया पडशील त शिकशील कवा? सुरुवातीले एक डाव सलाम कर. मंग पूरी ताकद लाव. हळू मारणं म्हणजे याचा अपमान हाय."

त्या पोरीने माझा कधीच अपमान केला नाही. पाच वर्षांत तिची लाथ अशी बसू लागली की तुळईवरची धूळ खाली यायची. तिच्यामागून इतर मुली आल्या. कुणी धान कापून दमलेली, कुणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन. त्या बावीस झाल्या. तोवर सरांच्या छातीत कापसाने घर केलं होतं, दोन वाक्यं बोलले की खोकल्याची उबळ यायची. ते खुर्चीवर बसून राहत आणि करिष्मा मुलींना शिकवे.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये सरांना अंथरूण धरावं लागलं. त्यांनी करिष्माला घरी बोलावलं. बायको जरीनाबाई उशाशी होत्या. सर एवढंच म्हणाले, "पोरी सोडू नको." ती म्हणाली, "नाई सोडत, सर." चौथ्या दिवशी सर गेले.

मित्रांनो, त्या दिवशी पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. गडचिरोलीहून, चंद्रपूरहून, पार एटापल्लीहून चेले आले. मोठमोठाले बाप्ये माझ्या अंगाला मिठी मारून रडले. त्यांच्या रडण्यात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. सगळ्यात जास्त रडला तो अल्ताफ. सरांचा पहिला चेला, बसस्टँडजवळ त्याचं वेल्डिंगचं दुकान. त्याने सरांचा मोठा फोटो करून आणला. पोरांनी हार आणला, तर जरीनाबाई म्हणाल्या, "फोटोले हार नोको घालू बाबू, आमच्यात चालत नाई." आता प्रेम तर उतू चाललेलं, ते कुठेतरी सांडणारच. हार माझ्या गळ्यात पडला. कुणी अगरबत्ती लावली. कुणी हिरवी चादर पांघरवली. बसल्याजागी माझा देव झाला, आणि खरं सांगतो, पहिले आठ दिवस मला बरंही वाटलं.

सरांचा चाळिसावा दिवस झाल्यावर करिष्मा मुलींना घेऊन आली. गेटावर अल्ताफने स्वतःच्या हाताने बनवलेली नवी जाळी होती, कुलूप होतं आणि पाटी होती: 'सरांचे स्मारक. वर्ग बंद.'

"अल्ताफभाऊ, कुलूप काऊन लावलं?"

"सरांचा हात लागलेला बोरा हाय तो. त्याले आता पाय लावशील का तू?"

"सरच लावाले सांगत होते नं!"

"सर होते तवा गोष्ट अलग होती. आमी चेल्यायनं कमिटी केली हाय, तिनं ठरवलं, मोठा हॉल बांधू. मंग क्लास."

"मंग निदान पुसात मले शिवण उसवू द्या. तूस खराब होते."

अल्ताफच्या डोळ्यांत पाणी आलं. "थे शिवण सरांच्या हातची आखरी शिवण हाय, करिष्मा. थे मी कोणाले उसवू देनार नाई."

प्रेमाशी भांडायचं कसं, हे सरांनी तिला शिकवलं नव्हतं.

तिने गावाबाहेरच्या खळ्यावर वर्ग लावला. खताच्या पोत्याचा दुसरा बोरा शिवला. पण आईबाप पाटी वाचून आले होते. म्हणाले, "सादिक सरांचा क्लास त बंद झाला. मंग हा कोणाचा?" सरांच्या नावावर पाठवलेल्या मुली एकेक करून घरी बसल्या. बावीसच्या बारा झाल्या, बाराच्या चार. हे सगळं करिष्मा जाळीला टेकून सांगायची. मला सांगायची की स्वतःला, देव जाणे. शेवटी चंदा नावाची एकच मुलगी उरली. दोघीच सराव करत. मग चंदालाही तिच्या बापाने दूर जिवती गावाकडे मामाच्या शेतावर कापूस वेचायला धाडलं. त्या दिवशी करिष्मा जाळीला कपाळ लावून रडली. मी दहा हातांवर होतो आणि काही करू शकत नव्हतो. देव झाल्यावर काही करता येत नाही, मित्रांनो.

इकडे तीन पावसाळे माझ्या अंगावरून गेले. हारांची ओल आत मुरली. चादरीखाली किड्यांनी संसार थाटले. हॉल काही झाला नाही. सरांची बरसी, म्हणजे पुण्यतिथी, मात्र दरवर्षी धुमधडाक्यात झाली.

दोन हजार सहाच्या बरसीला तीनशे माणसं होती. भाषणं झाली. अल्ताफने माईकवरून पुकारलं, "आता सरांची लाडकी शिष्या करिष्मा हार घालनार."

ती आली. तिच्या हातात हार दिला. तिने तो खुर्चीवर ठेवला, चादर बाजूला केली आणि तळहात माझ्या पोटावर ठेवला. आत गोळे झाले होते, दगडासारखे. तिला ते कळलं. कळणारच, तिच्याइतकं मला कोण ओळखत होतं? ती दोन पावलं मागे गेली, वाकून सलाम केला आणि पूरी ताकद लावून लाथ मारली.

मित्रांनो, तीन वर्षं मी त्या लाथेची वाट पाहिली होती. सगळा जीव गोळा करून मी ती झेलायला उभा राहिलो. आणि मला ती झेलता आली नाही. माझं कुजलेलं पोट बुडापासून वरपर्यंत उकललं. काळं, वास मारणारं तूस, आळ्या, किडे, सगळं बरसीसाठी खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरींवर सांडलं.

कुणीतरी ओरडलं, "पापीन! सरांचा बोरा फाडला!" अल्ताफ मात्र ओरडला नाही. तो खाली बसला, मूठभर तूस उचललं आणि त्याच्याकडे पाहत राहिला. मूठ उघडली तरी तूस हाताला चिकटूनच होतं. करिष्मा तशीच उभी होती. तिचा चेहरा पाहून मला माझ्या फाटण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मी टिकेन, असं तिलाही वाटलं होतं.

जरीनाबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "अल्ताफ, त्यायनं मरताना बोऱ्याचं नाव नाई घेतलं रे. पोरींचं घेतलं. मी तिथीच होती. तुमी मले कधी पुसलंच नाई."

दुसऱ्या दिवशी अल्ताफने स्वतः कुलूप काढलं, पाटी उतरवली. संध्याकाळी करिष्मा पट्टा बांधून पटांगणात येऊन थांबली. कुणी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही थांबली. अल्ताफ घरोघर जाऊन आला. बावीसपैकी नऊ जणींची लग्नं झाली होती, कुणी शाळा सोडून मजुरीला लागली होती, आणि बाकीच्यांचे बाप म्हणाले, "आता कायले?" तिसऱ्या संध्याकाळी करिष्माने पट्टा सोडला, घडी घातली आणि अल्ताफच्या हातात दिला. "तुमचा काई दोष नाई, भाऊ," एवढंच म्हणाली. पण तिचं ते माफ करणं त्याला सहन झालं नाही.

आज मी जरीनाबाईंच्या घरी खाटेखाली आहे, रिकामा, चार घड्या घातलेला. माझी तक्रार नाही, माझं आयुष्य भरपूर मार खाऊन झालं. पण मित्रांनो, तुमच्या गावात एखादे सर जातील, एखादे उस्ताद जातील. तुम्ही खूप रडाल, रडायलाच हवं. त्यांच्या वस्तू जपून ठेवाव्याशा वाटतील, दाराला कुलूप लावावंसं वाटेल. तेव्हा किल्ली फिरवण्याआधी एकदा बाहेर बघा. तिथे कुणी पोर थांबली असेल, तर तिला आत घ्या. हॉल होईपर्यंत थांबू नका. पोरी फार लवकर मोठ्या होतात.