डिफरंटचा शिक्का

कापडगिरणीच्या त्या रंगखात्यात 'चुकलं' हा शब्द कोणी उच्चारत नसे. रंग बिघडला की थानावर निळा शिक्का बसायचा: डिफरंट. साहेब लोकांना शब्द भारी आवडायचा, कारण कोणाला दोष दिल्यासारखं वाटत नाही. कामगारही मग नावडत्या भाजीला आणि फटकळ सुनेला डिफरंट म्हणू लागले. पण महिन्यात असे तीन शिक्के बसले की रंगाऱ्याला घरी बसवत. त्याच्या घरी या शब्दाचा अर्थ काय होतो, हे बघायला कुठला साहेब गेला नाही.

शिक्का असायचा घारूकाकांच्या हातात. घारीची नजर म्हणून हे नाव पडलेलं, आणि काका ते मिरवायचे. त्यांची पद्धतही जगावेगळी. खिडकीपाशी उभं राहून नमुन्याचा तुकडा उजव्या डोळ्याने बघायचा, मग उजवा मिटून थानाचा तुकडा डाव्याने. लोक हसायचे, पण बावीस वर्षांत त्यांच्या नजरेवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

गेल्या वर्षी तिथेच रंगारी असलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला एकाच महिन्यात तीन शिक्के बसले.

"दादा, एकदा परत बघा ना. सगळा माल एकाच टाकीतला आहे," त्याने हात जोडले.

"मी नाती बघत नाही, रंग बघतो," काका म्हणाले. चारचौघांत हे ऐकवताना त्यांची छाती फुगली होती. मेहुणा दुसरीकडे टाक्या धुवायच्या कामाला लागला आणि आठ महिन्यांनी टाकीतल्या वाफेने गुदमरून मेला.

आज प्रयोगशाळेतल्या नव्या बाईंनी काकांची चाचणी घेतली. तुकड्यांच्या दहा जोड्या. काकांनी सहांवर धडाधड शिक्का मारला.

बाईंनी तुकडे पुन्हा त्यांच्यापुढे मांडले. "काका, सगळे तुकडे एकाच थानातले आहेत. दोन्ही डोळे उघडून बघा."

काकांनी बघितलं. काडीचाही फरक नव्हता.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, दोन वर्षं तरी झाली असतील. त्या डोळ्याला सगळंच पिवळट दिसणार. बाईंना मेहुण्याचं काही ठाऊक नव्हतं. झाकली मूठ तशीच राहिली असती. पण काकांना तिथे बसवेना. ते तडक बहिणीकडे गेले.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. "त्यांचे रंग बरोबर होते गं. माझा डोळा गेला होता."

आता ही शिव्या देईल, हाकलून देईल, असं त्यांना वाटलं. तसं झालं तर बरंच, असंही वाटलं. बहीण हातातल्या सदऱ्याकडे बघत राहिली.

"ते म्हणायचे, दादा चुकायचे नाहीत, माझाच हात बिघडला. आणि मीही त्यांना तेच ऐकवायचे, दादा. येता-जाता, जेवायला वाढताना. गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा."