वळणावरचा हॉर्न

“जोसी, पाटी वर धर. कॅमेरा आला की नेमका तुझा हात दुखायला लागतो,” क्लॉडेट मावशी म्हणाली. स्वतः मात्र बर्फाच्या ढिगाला टेकून उभ्याउभ्या डुलक्या घेत होती. रात्रपाळी संपवून ती तशीच गाडीत बसली होती आणि घाट उतरून आम्ही मँचेस्टरला आलो होतो.

कॉलेजच्या फाटकाबाहेर सगळ्या उमेदवारांची माणसं खेटून उभी होती. संध्याकाळी आत डिबेट. अध्यक्षपदासाठी पक्षाचं तिकीट कुणाला मिळावं, ते आमचं न्यू हॅम्पशायर पुढच्या आठवड्यात मत देऊन सांगणार. आत जायचे पास आमच्यासारख्यांना मिळत नाहीत, आम्ही बाहेर ओरडायचं. त्यात मी पटाईत. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीलाही माझा आवाज फुटत नसे. आता मी आमच्या उमेदवाराच्या नावानं “पेल्हॅम, पेल्हॅम” सुरू केलं की अख्खी रांग माझ्यामागून ओरडत होती. खरं सांगते, मला फार भारी वाटत होतं.

शेजारी दुसऱ्या उमेदवाराची, ओडेलची पाटी घेऊन आमच्याच गावचा जेरीकाका उभा होता. मावशीचा शाळासोबती आणि दर निवडणुकीत तिच्या विरुद्ध बाजूला.

“क्लॉडेट, तू ज्याची पाटी धरतेस तो पडतो. आमच्याकडे तेवढी येऊ नकोस.”

“तुझ्या ओडेलनं आपलं एल्टन मिल्स गाव नकाशात तरी बघितलंय का? माझा पेल्हॅम माझ्या स्वयंपाकघरात बसून गेलाय.”

“फुकटचं जेवायला आला असेल.”

“जेवला. वर मागूनही घेतलं. तुला जळायचं तर जळ.”

ते खरंच होतं. नोव्हेंबरात सिनेटर पेल्हॅम आमच्याकडे आले, तेव्हा मावशीनं त्यांना सगळं सांगितलं. आमच्या इस्पितळातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात ती आया आहे. तो वॉर्ड मार्चमध्ये बंद होणार, मग बायकांनी कळा देत घाट ओलांडायचा. एका हिवाळ्यात बॉयलर बिघडून वॉर्ड आठवडाभर बंद होता, तेव्हा एका बाईला जेरीकाकाच्या पिकअपमधून नेत होते. घाटातल्या वळणावर गाडी बर्फात रुतली आणि मावशीनं तिथेच तिचं बाळंतपण केलं. बाळाला गुंडाळायला काही नव्हतं, म्हणून काकानं अंगातलं शिकारीचं नारिंगी जॅकेट काढून दिलं. ती मुलगी आता दुसरीत आहे. त्या वळणावर मावशी अजूनही दोनदा हॉर्न वाजवते. आज सकाळीही वाजवला होता.

पेल्हॅमनी तिचा हात हातात घेतला होता. “तुमच्या गावाचं नाव मी सगळ्या देशाला ऐकवीन.” तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मावशी कुठल्या ना कुठल्या चौकात त्यांची पाटी घेऊन उभी. तिचं म्हणणं साधं होतं. टीव्हीवर नाव आलं की इस्पितळवाल्यांना लाज वाटेल, वॉर्ड कदाचित वाचेल.

अंधार पडायच्या सुमारास पेल्हॅमची काळ्या काचांची गाडी आली आणि न थांबता आत गेली.

“हात केला त्यांनी,” मावशी म्हणाली.

मला काहीच दिसलं नव्हतं, पण मी हो म्हटलं.

डिबेट बघायला पेल्हॅमच्या प्रचारातल्या ब्रिननं आम्हाला समोरच्या पिझ्झाच्या दुकानात नेलं. ब्रिन कॅलिफोर्नियाची, कॉलेजातली, सतत हसरी. जेरीकाकाही मागोमाग आला. “उबेला पक्ष नसतो,” म्हणत आमच्याच टेबलावर बसला.

इस्पितळांचा प्रश्न आला तशी मावशीनं हातातला पिझ्झा खाली ठेवला.

पेल्हॅम हळू आवाजात बोलू लागले. “साउथ कॅरोलिनातल्या एका छोट्या गावात मला ग्रेस नावाची नर्स भेटली. वॉर्ड बंद, रस्त्यावर पुराचं पाणी. तिनं ट्रकमध्ये बाळंतपण केलं. बाळाला गुंडाळलं कशात? शिकाऱ्याच्या नारिंगी जॅकेटात.”

दुकान टाळ्यांनी दणाणलं. ब्रिनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “काय बोलले ना? साउथ कॅरोलिनात इथल्यानंतर लगेच मतदान आहे, हे तिथे फार चालेल.”

मी उठायलाच निघाले होते. त्या गर्दीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज आता माझ्यात होता. मावशीनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बस. खा. गार होतंय.”

“मावशी, पण ते तुझं…”

“बर्फाचा पूर केला बघ,” ती म्हणाली. “आणि मला नर्स केलं. पगार तरी वाढवायचा.”

मी जेरीकाकाकडे बघितलं. आता तो टोमणा मारणार, दिवसभर तो याचीच तर वाट बघत होता. तो टीव्हीकडे बघत राहिला. मग टोपी घालून बाहेर गेला.

“उद्या सकाळी दारोदार जायचंय, येणार ना तुम्ही?” ब्रिननं विचारलं.

“उद्या ड्यूटी आहे, बाळ,” मावशी म्हणाली. “वॉर्ड अजून चालू आहे.”

आम्ही बाहेर आलो तर आमच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ कुणीतरी खरवडून ठेवलं होतं. पाटी मागच्या सीटवर उलटी टाकली. मावशीनं गाडी गावाच्या रस्त्याला लावली.

घाटात गाडी हळू झाली. वळण आलं. दिव्यांच्या उजेडात नुसतं बर्फ. मला वाटलं, आज ती नाही वाजवणार.

तिनं दोनदा हॉर्न वाजवला.

मग मागून, बऱ्याच खालून, जेरीकाकाच्या जुन्या पिकअपचा हॉर्न ऐकू आला. तोही दोनदा.

मावशीनं गियर बदलला.