वारा पडेपर्यंत

"वैनी, वारो सुटलो हा. ह्या वाऱ्यात होडी खाडीभायर काढूची म्हणजे कठीण. जरा दम धरूया. वारो पडलो की जातंय मी."

वैजयंतीने फोन दुसऱ्या कानाला लावला. ऑफिसच्या जिन्यात ती उभी होती. आत सेक्शनमधली माणसं हीटरभोवती गोळा होऊन चहा पीत होती, त्यांच्यासमोर तिला हे बोलायचं नव्हतं. जिन्याच्या काचेबाहेर दिल्लीचं जानेवारीतलं धुकं इतकं दाट होतं की समोरची सरकारी इमारत पार नाहीशी झाली होती. आणि इथून दीड-दोन हजार किलोमीटरवर, मालवणच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या गावात, स्वच्छ ऊन पडलंय असं विलास सांगत होता. ऊन आणि वारा.

"वारा कधी पडेल, भावोजी?"

"दुपारनंतर पडात. सांगूक येवचा नाय."

तिचा नवरा, मारुती, पहाटे कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, घेऊन मासे धरायला समुद्रात गेला होता. एरवी ती मेट्रोतून उतरून ऑफिसात पोहोचेपर्यंत त्याचा फोटो येई: वाळूवर पिवळी कयाक, तिच्यावर आडवा ठेवलेला तांबोशी किंवा गोबऱ्यासारखा मोठा मासा, कडेला त्याचे अनवाणी पाय. आज फोटो आला नव्हता आणि फोन लागत नव्हता. तटरक्षक दलाच्या नंबरवर तिने कळवलं होतं. पलीकडच्या माणसाने आदबीने सगळं लिहून घेतलं आणि बोट निघते आहे, पण लांबून येणार आहे, असं सांगितलं. जवळ होता तो एकटा विलास. मारुतीचा चुलत भाऊ.

"दुपारपर्यंत काय उरणार आहे?" ती म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या तोंडून कसं निघालं ते तिलाही कळलं नाही. "ते तुमचे सख्खे भाऊ असते, तर थांबला असतात का तुम्ही?"

"जातंय, वैनी," विलास म्हणाला.

वैजयंती साताऱ्याकडची. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि तिला तो फारसा आवडला नाही. मारुतीचं उलट होतं. विशीत केंद्र सरकारच्या नोकरीत ड्राफ्ट्समन म्हणून तो दिल्लीला आला, नकाशे काढता काढता निवृत्त झाला, नोएडात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पण माणूस कधी पूर्ण इथला झालाच नाही. निवृत्तीनंतर तर तो घरात नुसता या खिडकीतून त्या खिडकीत जायचा. एकदा मेट्रोने ओखल्याला जाऊन यमुना बघून आला आणि फेस आणि वासाबद्दल चकार शब्द न काढता आंघोळीला गेला. शेवटी त्यांचा मुलगा नचिकेत, जो गुरुग्रामला नोकरी करत होता, त्यानेच वडिलांसाठी ती कयाक मागवली आणि गावी पाठवून दिली. तेव्हापासून दर हिवाळ्यात मारुती विलासकडे जाऊन राही. वैजयंतीची नोकरी अजून बाकी होती, म्हणून ती मागे राही.

हिवाळ्यात पाणी नितळ असतं, तो फोनवर सांगायचा. किनाऱ्यापासून बऱ्याच आत पाण्याखाली खडकांची रांग होती, आणि तिच्या पलीकडे केव्हातरी बुडालेलं एक मालवाहू जहाज. मोठ्या बोटी तिथे जात नसत, जाळी फाटतात म्हणून. इंजिन नसलेली, वल्ह्याची कयाक मात्र त्या जहाजावर अलगद जाऊन उभी राहायची. "गळ सोडला की आधी लोखंडाला टेकतो, वैजू. हाताला कळतं. मग थांबायचं. मासा त्या लोखंडातूनच येतो." हे सांगताना त्याचा आवाज असा असे, की आपण लग्न केलं तो माणूस हाच, आणि तो आपल्याला इतकी वर्षं दिल्लीत भेटलाच नव्हता, असं तिला वाटे.

नचिकेत कॅब करून थेट ऑफिसात आला आणि तिला विमानतळावर घेऊन गेला. गोव्याच्या विमानाची दोन तिकिटं त्याने वाटेतच काढली. "आई, बिल्कुल पॅनिक नको होऊ," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि त्याचाच गुडघा सारखा हलत होता. विमानतळावर बोर्डावरच्या सगळ्या रांगा लाल झालेल्या. माणसं जमिनीवर चादरी पसरून बसली होती, कुणी काउंटरवरच्या मुलीशी हिंदीत भांडत होतं. धुकं उठेपर्यंत काही सुटणार नव्हतं. तिकडे वारा पडत नव्हता, इकडे वाऱ्याचा लवलेश नव्हता. नचिकेतने मोबाइलवर समुद्राचा नकाशा उघडून दाखवला. त्यावर बाणच बाण, सगळे उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले. त्यातला आपला माणूस कुठला, हे शोधत असल्यासारखी वैजयंती त्या बाणांकडे बघत राहिली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तिने चार वेळा पाण्याची बाटली उघडली आणि चारही वेळा न पिता बंद केली.

मग अनोळखी नंबरवरून फोन आला.

"वैजू, मी."

तिने फोन नचिकेतपुढे धरला. नचिकेतने फोन घेतला, कानाला लावला आणि भर विमानतळावर, खाली मान घालून, तो मोठा माणूस रडायला लागला. मग त्याने फोन तिला परत दिला. मारुती थकलेल्या, घोगऱ्या आवाजात सांगत होता. मोठा गोबरा लागला होता, त्या माशाने बुडालेल्या जहाजात शिरून गळाची दोरी अडकवली. दोरी कापायला हवी होती. कापवली नाही. वारा वाढतोय हे कळत होतं, तरी मारुतीने दोरी धरून ठेवली. मग वल्हं मारूनही कयाक किनाऱ्याकडे येईना, वाऱ्याने दक्षिणेला ढकलत नेली आणि वेंगुर्ल्याच्या बाजूला एका किनाऱ्यावर आणून टाकली. मोबाइल पाण्यात गेला. चहाच्या टपरीवाल्याच्या फोनवरून बोलतोय.

"विलासला सांग गं, मी ठीक आहे. त्याचा नंबर मला पाठ नाही."

तिने विलासला फोन लावला. तो लागेना. मग त्याच्या बायकोला, राधाला लावला. आनंदाची बातमी सांगायची होती म्हणून तिने श्वाससुद्धा घेतला नाही. राधाने सगळं ऐकून घेतलं.

"देवान सांभाळल्यान," ती म्हणाली. आणि मग हळू आवाजात, "पण हे अजून येवक नायत, वैनी. तुमचो फोन इलो तेव्हा गेले, ते अजून येवक नायत."

विमान त्या दिवशी सुटलंच नाही.

खाडीच्या मुखाशी, जिथे नदीचं पाणी आणि समुद्राची लाट एकमेकांना भिडतात, तिथे विलासची होडी उलटली होती. दुपारनंतर वारा पडला. मग गावातल्या होड्या निघाल्या आणि त्यांना तो लगेच सापडला. वैजयंती आणि नचिकेत पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तिरडीला मारुतीने खांदा दिला होता. ओसरीवर तो भिंतीला टेकून बसला होता, उन्हाने नाक सोललेलं, हातांच्या तळव्यांना वल्ह्याचे फोड. बायकोला पाहून तो उठला नाही. "मी दोरी कापायला हवी होती," एवढंच म्हणाला, आणि पुढचे सगळे दिवस जो कुणी शेजारी येऊन बसेल त्याला तेच सांगत राहिला.

वैजयंती कुणालाच काही सांगू शकली नाही. ती स्वयंपाकघरात शिरली, आल्यागेल्याला चहा केला, भांडी घासली. लोक म्हणत, दिल्लीची असून बघा कशी घरच्यासारखी राबते. नचिकेत रजा संपली म्हणून परत गेला. तेरावं झालं. शेवटी एका दुपारी मागच्या पडवीत राधा एकटी तांदूळ निवडत बसलेली दिसली, तेव्हा तिने तिच्यासमोर बसकण मारली.

"राधा, भावोजी थांबतो म्हणत होते. मी त्यांना—"

"माका ठाऊक हा," राधा म्हणाली. "फोन स्पीकरार होतो. मी थयच होतंय."

तांदळातला खडा तिने बोटाने बाजूला सारला. वैजयंती वाट बघत राहिली. शिवी आली असती तरी तिने ती ओंजळीत घेतली असती.

"तुम्ही बोललास नसतास तर ते गेले असते की नाय, ता माका सांगूक येवचा नाय," राधा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती. "आता कोणाकच सांगूक येवचा नाय." आणि सूप उचलून ती आत गेली.

निघायच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात आली. कुडाळहून गाडी होती. मारुतीने एक पिशवी तेवढी उचलली. मासेमारीचं बाकीचं जे काही होतं ते शेजारच्यांना घेऊन जा म्हणाला. राधा साडी नेसून, कमरेला पदर खोचून बाहेर आली. तिच्या हातात रिकामी टोपली होती.

"माका बाजारापर्यंत सोडशात?"

बाजारात माशांचे वाटे मांडून बायकांची ओळ बसली होती. राधा उतरली. रिक्षा थांबून राहिली, तोवर तिने शेजारच्या धक्क्यावर जाऊन लिलावातून टोपली भरून आणली आणि त्या ओळीपाशी येऊन उभी राहिली. मधल्या दोघीतिघी आपापला पाट ओढत सरकल्या आणि हातभर जागा झाली.

"लग्नाआधी आईबरोबर बसायची ती इथे," मारुती खाली बघत म्हणाला. "विलासने नंतर बसू दिलं नव्हतं."

वैजयंतीला उतरावंसं वाटलं. उतरून काय करणार, ते तिला कळेना. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, निघूया का? ती राधाकडेच बघत होती, तेव्हा त्याने रिक्षा सुरू केली. राधाने गुडघे दुमडून बसकण मारली, टोपलीतले मासे एकेक करून वाट्यात लावले, आणि पहिल्या गिऱ्हाइकाकडे मान वर करून भाव सांगितला.