बाहेरून कडी

“सर, तुम्हाला आमच्यातून नेते घडवायचेत ना, मग दाराला बाहेरून कडी का घातलीय?”

दहावीतल्या एका मुलीनं हा प्रश्न भर सभागृहात विचारला, तेव्हा साठ माना एकदम माझ्याकडे वळल्या. मित्रांनो, मी ओशाळलो, कारण ते दार म्हणजे मी. मी एक जुना दरवाजा आहे, शाळेच्या सभागृहाचा, आणि ती कडी माझ्याच पाठीवर ठोकलेली होती.

प्रश्न तिनं विचारला असला तरी पैज मैत्रिणींची होती. मागच्या रांगेतून त्या तिला टोचत होत्या, “भोंगा, हिंमत असेल तर विचार.” आवाज मोठा म्हणून वर्गात तिला भोंगा म्हणत. गेल्या वर्षापर्यंत या नावानं तिचे डोळे भरून यायचे. हल्ली कुणी भोंगा म्हटलं की ती ऐटीत “बोला” म्हणायची.

पण आधी माझ्याबद्दल. आत्मवृत्त सांगणारे सगळे लाकडी लोक ‘मी पूर्वी एक झाड होतो’ इथून सुरुवात करतात. मला झाडाचं काही आठवत नाही. मला आठवतो तो रंधा, अंगावरून फिरणारा, आणि भुशाचा वास. ज्या सुतारानं मला घडवलं त्यानं मला चौकटीत बसवलं, एका बोटानं ढकललं आणि मी अलगद आत उघडलो. तो म्हणाला, “झालं. आता हा लहान पोरालाही उघडेल.” माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते. पुढे किती नाटकं, किती बक्षीस समारंभ माझ्यातून आत गेले. पहिलीतली मुलं माझ्या मुठीला लोंबकळून झोके घ्यायची. मग माझ्यावर रंगाचे चार हात बसले, तेही बिजागऱ्यांसकट. तेल द्यायला मात्र कुणाला सुचलं नाही. मी करकरू लागलो आणि लोक मला ‘ते कटकटं दार’ म्हणू लागले.

आणि मग हे शिबिर आलं. बाहेरच्या एका संस्थेचं तीन दिवसांचं युवा नेतृत्व शिबिर. शिबिराच्या सरांनी शिपाईमामांना सांगितलं, मुलं मधूनच पळतात, बाहेरून कडी लावा. मामांनी माझ्या पाठीत सहा स्क्रू पिळले. मित्रांनो, कडी आतून असली की दरवाजा राखणदार असतो. तीच बाहेरून लागली की तो तुरुंगाचा होतो. आणि खरं सांगू का, मी स्वतः तरी कुठे मोकळा होतो? इतकी वर्षं उघडझाप केली, पण चौकट सोडून एक पाऊल टाकलेलं नाही.

भोंग्याच्या प्रश्नाला सर हसून म्हणाले, “नेत्याचं लक्ष ढळता कामा नये. कडी तुमच्या लक्षासाठी आहे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक उत्तरानंतर टाळ्या वाजवायच्या असं सकाळीच सांगितलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती मला पाठ टेकून बसली. शेजारी तिची मैत्रीण, चष्मिस.

“कार्डावर काय लिहिलंस?” चष्मिसनं विचारलं. तिसऱ्या दिवशी आईबाबांना बोलावून त्यांच्यासमोर प्रत्येकानं आपला संकल्प वाचायचा होता.

“माझं बाबांनी लिहिलंय. पेन्सिलनं. मी नुसतं पेनानं गिरवायचंय.”

कार्डावर होतं, ‘मी या संस्थेच्या दोन वर्षांच्या निवासी वर्गात जाणार.’ तिचे बाबा सुतार, स्वतःचं छोटं दुकान चालवणारे, आई घरी शिवणकाम करणारी. बाबा तिला हाताचे घट्टे दाखवून म्हणत, तुझे हात असे व्हायला नकोत.

“आणि तुला जायचंय?”

“अजिबात नाही गं. वर्षातून दोनदा घरी. तिथेही दाराला बाहेरूनच कडी असणार.”

“मग सांग ना त्यांना.”

“सरांसमोर माझी जीभ चुरूचुरू चालते. बाबांसमोर ती संपावर जाते.”

घंटा झाली आणि ती उठली. तिच्या पाठीचा भार मला नंतर बराच वेळ जाणवत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आली. आल्या आल्या खिळ्यानं माझ्या बिजागऱ्यांवरचा रंग खरवडला आणि तिन्हींत थेंब थेंब तेल सोडलं.

“काय गं, शिबिर सोडून दाराची सेवा?” शिपाईमामा म्हणाले.

“मामा, तुमचं दार कण्हतंय. भाषण ऐकू येत नाही.”

“बरंच आहे की मग.”

तिनं मला वीस वेळा उघडलं, वीस वेळा मिटलं. कित्येक वर्षांनी मी आवाज न करता हललो. मला रडता येत असतं तर तेलाचेच थेंब पडले असते.

तिसऱ्या दिवशी मामा कडी लावून जास्तीच्या खुर्च्या आणायला गेले. सर ‘संकटात शांत कसं राहावं’ यावर बोलत होते. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, साठ जणांची वाफ दाटली आणि चष्मिसच्या छातीतून शीळ वाजू लागली. तिला दमा होता. तिचा पंप दप्तरात होता. दप्तरं बाहेर व्हरांड्यात होती, कारण त्यांनीही लक्ष ढळतं. आत आणू दिल्या होत्या त्या फक्त कंपासपेट्या, संकल्प लिहायला.

सरांनी मला ओढलं, बुक्क्या मारल्या. मी काय करणार? खिडक्यांना गज, पलीकडे ओसाड मैदान. त्यांनी मामांना फोन लावला, तर मामांचा मोबाइल स्टेजजवळच्या प्लगला चार्जिंगला लावलेला, तिथेच वाजला. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, वीस मिनिटांत येतो. सर मटकन खाली बसले.

भोंगा माझ्याजवळ आली. माझ्या बिजागरीवरून तिनं बोट फिरवलं. “कर्कटक द्या कुणीतरी,” ती म्हणाली, आणि टेबलावरचं पितळी मानचिन्ह उचललं. ‘उत्कृष्ट युवा नेता’ असं त्यावर कोरलेलं होतं. आज तिच्या हातात ते हातोडी झालं. “चौघीजणी दार धरा. ओढू नका, नुसता भार घ्या.” कर्कटक खालून लावून तिनं ठोकायला सुरुवात केली. पहिलं मोडलं, दुसरं आलं. खालच्या बिजागरीची पिन निघाली, मग मधली, शेवटी वरची. तेल नसतं तर एकही हलली नसती.

आणि मित्रांनो, मी चौकटीतून बाहेर आलो. फार भीती वाटली. मग मोकळी हवा आत शिरली, कुणीतरी दप्तर घेऊन धावलं आणि थोड्या वेळानं चष्मिसच्या छातीतली शीळ थांबली.

माझी विनंती इथेच सांगून टाकतो, कारण शेवटचं बोलणं माझं नाही. तुमच्या दारांना अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या. आणि कडी लावायचीच असेल, तर आतल्या माणसाच्या हाताला लागेल अशी लावा.

आईबाबा आले तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो. भोंग्याच्या बाबांनी कुणाला नमस्कारही केला नाही. सरळ माझ्याकडे आले.

“हे कुणी काढलं?”

“मी.”

“आधी कुठली पिन?”

“खालची. वरची शेवटी, नाहीतर दार अंगावर येतं.”

“हं,” बाबा म्हणाले आणि बाह्या सारून मला उचलायला वाकले.

“हे तिला कधी शिकवलंत?” आईनं हळूच विचारलं.

“कुठे शिकवलं? बघत असणार.”

त्यांनी मला चौकटीला लावलं. तेवढ्यात सरांनी भोंग्याचं नाव पुकारलं. ती स्टेजकडे गेली नाही. कार्ड घेऊन माझ्याजवळच उभी राहिली. पेन्सिलीची अक्षरं अजून पेन्सिलीचीच होती. बाबांच्या दोन्ही हातांत मी होतो, त्यामुळे त्यांना कुठे जाता येत नव्हतं.

तिनं वरच्या बिजागरीत पिन सरकवली आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, “आई, बाबा, मी निवासी वर्गाला जाणार नाही. मी इथेच शिकणार, आणि संध्याकाळी दुकानात तुमच्याकडून काम शिकणार. हात तुमच्यासारखे झाले तर होऊ देत.”