देवीची साप्ताहिक सुट्टी

विहिरीचं पाणी लाल झालं आणि सिन्नरजवळच्या आमच्या गावात जत्रा भरली. जीपा भरभरून माणसं येऊ लागली. काठावर बसलेला कुंकूबाबा ओरडायचा, "आईनं पाण्यात मळवट भरला! फकस्त शनवारी आई वणीला भनीकडं जाती, त्या दिशी पाणी साधं!" आणि खरंच, शनिवारी पाणी साधं असायचं. लोक गालांत मारून घ्यायचे.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. झेंडू पिकवणाऱ्या नवसाबाईंची नात सायली माझ्या वर्गात होती. तिच्या हातांवर फोड आले होते आणि आजी त्यावर हेच तीर्थ पाजत होती.

"आजी, ते पाणी तपासायला हवं," मी म्हणालो.

"सरकारी सायबांनी नेलं की बाटल्या भरून. काय वंगाळ असतं तर सांगितलं नसतं का?"

मी नाशिकला जाऊन त्या साहेबांना गाठलं. "अहवाल गोपनीय आहे, गुरुजी," ते म्हणाले. "उगाच घबराट नको." माझं डोकंच फिरलं. घबराट नको म्हणून पोरांनी ते पाणी पीत राहायचं!

पुढे विजेची टंचाई आली आणि टेकडीवरच्या रंगाच्या कारखान्याची सुट्टी शनिवारऐवजी गुरुवारी झाली. लगेच आईसुद्धा गुरुवारी वणीला जाऊ लागली. बाबा म्हणाला, "भनीनं वार बदलला!"

मी लोकांना कारखान्यामागे नेलं. भिंतीतल्या पाइपातून लाल पाणी नाल्यात पडत होतं आणि तो नाला आमच्या विहिरीशेजारी मुरत होता. "कारखाना बंद, की आई गावाला," मी म्हणालो. दोघंतिघं हसले. बाकीचे नवसाबाईंकडे बघू लागले.

"गुरुजी, सरकारला हे ठावं हाय?" नवसाबाईंनी विचारलं.

"आहे. सांगत नाहीत."

"मंग कुनाचं खरं मानायचं? सरकार गप, तुमी एकटे. बाबा रोज आमच्यासंगं बोलतो तरी."

मी शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'लाल पाणी पिऊ नका. चमत्काराला कारण विचारा. साहेबाला अहवाल मागा.'

सकाळी फळ्यापुढे फुटलेला नारळ होता.

"आजीनं फोडला," सायली म्हणाली. "तुमी आईला नावं ठेवली ना, म्हणून माफी मागितली." फोडांनी सुजलेल्या हातांत तिनं पाण्याची बाटली धरली होती. पाणी लाल होतं आणि अर्धं पिऊन झालं होतं.