दोन डाव्या हातांचं चिलखत

फोनवर बाइंडर आणि त्यांची मुलगी यांचं बोलणं, ती परगावी गेल्यापासूनच्या चौदा वर्षांत, चार सेकंदांच्या पुढे कधी गेलं नाही.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"थांब, आईला देतो."

एवढं झालं की बाप म्हणून असलेल्या जबाबदारीतून बाइंडर मोकळे. फोन स्वयंपाकघरात जाई आणि पुढचा पाऊण तास मायलेकींचं चाले. त्या पाऊण तासात बाइंडर स्वयंपाकघराच्या दाराशी चष्मा शोधत असत. चष्मा नाकावरच असे. बायको एकदा म्हणाली, "ऐकायचंच असेल तर खुर्ची घेऊन बसा की!" तर म्हणाले, "मला काय करायचंय तुमच्या गप्पांशी?" आणि नाकावरचा चष्मा पुन्हा शोधू लागले.

गेल्या वर्षी बायको गेली.

फोन रविवारी अकराला येतच राहिला. पहिल्या रविवारी "कशी आहेस?" झालं, "बरी आहे" झालं, आणि बाइंडर "थांब, आईला देतो" म्हणत सवयीने स्वयंपाकघरात गेलेसुद्धा. ओट्यापाशी फोन पुढे धरून उभे राहिले. ओट्यावर एक वाटी उपडी घातलेली होती. ती काही फोन घेईना. पलीकडून मुलगीही बोलेना. बऱ्याच वेळाने आवाज आला, "बाबा, ठेवते."

त्यानंतर फोनच्या जागी मोबाइलवर अंगठा येऊ लागला. रविवारी अकराला एक अंगठा. बाइंडरही उलट एक अंगठा पाठवत. सही न येणारी माणसं जसा व्यवहार करतात, तसं बापलेकीचं चाललं होतं.

अंगठ्याला अंगठा लावून झाला की उरलेला रविवार मोठा असतो. अशाच एका रविवारी पुठ्ठा शोधायला ते माळ्यावर चढले आणि खाली आले ते एक फाईल घेऊन. आत ब्याण्णव पानं. मुलीने सतराव्या वर्षी छापून आणलेली. अंतराळातल्या कुठल्याशा पहारेकरणीचं अंगात घालायचं चिलखत होतं ते. हेल्मेट, छाती, पाठ, खांदे, हात, पाय, सगळं कागदाच्या तुकड्यांत. तुकडा कापायचा, तुटक रेघेवर घडी घालायची आणि कडेला जी जीभ ठेवलेली असते, तिच्यावरचा आकडा बघून ती त्याच आकड्याच्या कडेला चिकटवायची. सत्तावीसची जीभ सत्तावीसच्या कडेला. माणसांच्या कपाळावर असे आकडे छापलेले असते तर जगातली निम्मी भांडणं मिटली असती, असं बाइंडरांना वाटून गेलं.

पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलने बायकोचं अक्षर होतं. 'डोकं ५४. खांदा ते कोपर २९. पाठ ३६.'

मुलीचं तेव्हा हेल्मेट अर्धं झालं होतं. बाइंडर कामावरून आले, घरात चार पाहुणे बसलेले, टेबलावर हेल्मेट. बाइंडरांना विनोद सुचला. विनोद सुचला की थांबायचं असतं, हे त्यांना अजूनही जमत नाही. "चिलखत कागदाचं? आणि ऐन लढाईत पाऊस आला, तर शत्रूकडे छत्री मागायची का?" पाहुणे हसले. बायको हसली. इतका पिकलेला विनोद बाइंडरांनी पुन्हा कधी केला नाही. मुलीने फाईल मिटली आणि तीही पुन्हा कधी उघडली नाही. ज्या माणसाने उभा जन्म पुस्तकं बांधून, कागद चिकटवून पोट भरलं, त्याने कागदाला हसावं, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. मुलीच्या आलं असावं.

दुसऱ्या दिवशी बाइंडर फाईल घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या बाईंकडे गेले.

"जाड कागदावर हवंय. सगळं."

बाईंनी पानं चाळली. "नातवासाठी का, काका?"

"नाही. युद्ध आहे."

"कुणाशी?"

"ते अजून कळवलेलं नाही."

सहा आठवडे घरात दुसरं काम झालं नाही. जेवणाचं टेबल पहारेकरणीने काबीज केलं. बाइंडर उभ्याने जेवू लागले. बाइंडिंगच्या हाडाच्या पट्टीने घडी दाबताना कागदाचा जो बारीक आवाज होतो, तो बऱ्याच दिवसांनी त्या घरात झाला. हेल्मेट फ्रिजवर बसलं, छाती खुर्चीत बसली, दोन्ही पाय दाराशी उभे राहिले. वीज मोजायला आलेला माणूस त्या पायांना नमस्कार करून आत आला.

घोड्याने पेंड खाल्ली ती हातांपाशी. फाईलमध्ये फक्त डाव्या हाताची पानं होती आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, उजव्यासाठी हेच उलट छापा. आता, बाइंडरांनी आयुष्यात तळटीप वाचलेली नव्हती. बांधायला आलेलं पुस्तक वाचायला लागला की बाइंडर उपाशी मरतो. त्यांनी तीच पानं दोनदा छापून आणली आणि दोन्ही हात डावे झाले. दुसरा हात उजवीकडे चढवून पाहिला, तर कोपराचा उंचवटा बाहेर यायच्या ऐवजी बरगडीत घुसला.

चूक दुरुस्त करणं सोपं होतं. पान उलटं करून खिडकीच्या काचेवर धरायचं, मागून गिरवायचं, घड्या उलट्या घालायच्या. सोमवारी दुपारी उजवा हात तयारही झाला. बाइंडरांनी तो टेबलावर ठेवला आणि एकाएकी त्यांना फार वाईट वाटलं. चिलखत पुरं झालं होतं. काही अडलं असतं तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं. आणि हे विचारण्यासारखं माणूस जगात एकच होतं.

मंगळवारचा दिवस विचारात गेला. बुधवारी संध्याकाळी त्यांनी उजवा हात कपाटाच्या खालच्या कप्प्यात ब्लँकेटखाली दडवला. दोन्ही डावे हात टेबलावर समोर मांडले, कारण खोटं बोलताना पुरावा जवळ असलेला बरा. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः फोन लावला.

"बाबा? काय झालं? पडलात का?"

"पडायला काय झालंय? कशी आहेस?"

"बरी आहे."

इथे चार सेकंद संपले. नेहमीचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. बाइंडरांनी ते गिळलं.

"दोन्ही हात डावे झालेत," ते म्हणाले.

"कुणाचे?"

"पहारेकरणीचे."

"कोण पहारेकरीण? बाबा, घरात कोण आहे?"

"तुझी गं. ब्याण्णव पानांची."

फोन तुटला की काय, म्हणून बाइंडरांनी कानापासून काढून पाहिला. सेकंद चालू होते.

"ती फाईल अजून आहे?"

"आईने ठेवली होती. मला फक्त सापडली."

"आणि तुम्ही केलंत? सगळं?"

"हात सोडून. म्हणजे हात आहेत, पण एकाच बाजूचे. अडलंय."

मग मुलीने समजावून सांगायला सुरुवात केली. पान उलटं करा. बाइंडर म्हणाले, "हं." काचेवर धरा. "कसल्या काचेवर?" खिडकीच्या, बाबा. "बरं, मग?" घड्या उलट्या. "त्या कशा?" तिने सगळं पुन्हा सांगितलं. बाइंडरांनी दोन प्रश्न असे विचारले, की त्यांच्या हाताखालच्या नव्या माणसाने विचारले असते तर त्यांनी त्याला घरी पाठवला असता. घड्याळात अठरा मिनिटं झाली होती.

"काचेवर धरून गिरवायला मला कुणी शिकवलं, आठवतं?" मुलीने विचारलं.

"कुणी?"

"तुम्ही. सहावीत. नकाशा काढायचा होता."

"असेल. वय झालं आता."

"हं." मग जरा थांबून, "आणि पाऊस आला तर?"

बाइंडरांना वाटलं होतं, ती विसरली असेल.

"आतून कापड लावलंय," ते हळू म्हणाले. "शब्दकोशाला लावतात ते. वरून व्हार्निशचे दोन हात. छत्री मागावी लागणार नाही."

"बरं," मुलगी म्हणाली. आणि पुन्हा म्हणाली, "बरं. माप कुणाचं घेतलंत?"

"तुझंच. आईने लिहून ठेवलंय."

"अहो बाबा, ते सतराव्या वर्षाचं! आता तेहतिसावं चालू आहे. त्या छातीत माझा एक खांदा जाईल फार तर. सगळं मोठं करून परत छापावं लागणार."

"सगळं? पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"अरेरे," बाइंडर म्हणाले. आवाज दुःखी ठेवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला.

"बाबा."

"काय?"

"उजवा हात झालाय, आणि तुमच्या नेहमीच्या लपवायच्या कपाटात आहे ना?"

"कुठल्या कपाटात?"

"बाबा."

"खालच्या कप्प्यात. ब्लँकेटखाली."

"मग फोन कशाला केलात?"

बाइंडरांना तीन विनोद सुचले. एक तर फारच चांगला होता. ते थांबले.

"बोलायला," ते म्हणाले.

पलीकडे मुलीने नाक ओढलं. मग म्हणाली, "थांबा." पावलं वाजली, खण उघडला, काहीतरी सांडलं. बाइंडर फोन कानाशी घट्ट धरून उभे राहिले.

"हं, टेप मिळाली. घ्या लिहून. डोकं तेवढं एकटीला मोजता येतं. खांदा आणि पाठ दुसऱ्या कुणी तरी मोजावी लागते. शनिवारी येते मी, तेव्हा मोजा."

"मी मोजू?"

"मग काय, आईला देणार?"

आणि मग चौदा वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकाच फोनवर हसली. हसणं ओसरायला बराच वेळ लागला, आणि ओसरताना ते अगदी हसणंच राहिलं होतं असंही नाही.

"चोपन्न," मुलगी म्हणाली. "डोकं काही वाढलं नाही. हेल्मेट बसेल."

बाइंडरांनी पहिलं पान पुढे ओढलं. समासात बायकोच्या चोपन्नखाली आपल्या अक्षरात चोपन्न लिहिलं. त्यांचे कान अगदी ठणठणीत होते.

"किती म्हणालीस?" त्यांनी विचारलं.